लांबच्या नात्याचं सुतक

दत्तात्रेय गेला तो मे महिन्याच्या सतरा तारखेला, दुपारी तीनच्या सुमारास. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये तो वेल्डिंगचं काम करायचा. वय बेचाळीस. मूळचा चोपड्याकडचा, बडोद्याला येऊन सोळा वर्षं झालेली. त्या दिवशी शहरात चव्वेचाळीस डिग्री ऊन होतं. तो काम थांबवून पाणी प्यायला निघाला आणि पिंपाच्या चार पावलं अलीकडेच खाली बसला. सोबत्यांना वाटलं, दमला असेल. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मोहनाला फोन आला तेव्हा ती फतेगंजला एका झेरॉक्सच्या दुकानात उभी होती. ती, वरद, सानवी आणि आणखी तिघं असे सहा जण मिळून एक छोटा गट चालवत. हवामान बदलतंय, त्याचा मार आधी ज्यांच्या पाठीवर पडतो त्यांच्या बाजूने उभं राहायचं, एवढंच त्यांनी स्वतःला लावून घेतलेलं काम. तीन वर्षं ते शेडमधल्या कामगारांसाठी मागणी करत होते की उन्हाळ्यात बारा ते चार काम बंद ठेवा, गार पाणी द्या, छताला काहीतरी करा. त्याच निवेदनाच्या प्रती मोहना काढत होती. निवेदनाखाली पहिली सही दत्तात्रेयची होती.

दहाव्या दिवशी घाटावर पंधरा-वीस माणसं जमली. दत्तात्रेयचा थोरला भाऊ गावाहून आला होता, तो क्रियेला बसला. बायको पद्मा पायरीवर बसली होती, डोक्यावरचा पदर चेहऱ्यावर ओढून. मोहना जरा लांब, भिंतीच्या सावलीत उभी होती. तिच्या हातात फाइल होती. शेडमधल्या एका कामगाराला ती हळू आवाजात विचारत होती, पंखे कधीपासून बंद होते, पिंपात पाणी होतं का, आणि तो सांगेल ते लिहून घेत होती.

क्रिया लक्ष्मण गुरुजींनी केली. गुरुजी अडुसष्ट वर्षांचे, दांडिया बाजारात एकटे राहणारे. ते फक्त अंत्यविधी करायचे. त्यामुळे लग्नामुंजीला त्यांना कोणी बोलावत नसे, आणि एरवी रस्त्यात दिसले तरी ओळखीचे लोक हात जोडून लगबगीने पुढे जात. आयुष्यभर त्यांनी ते बघितलं होतं. त्यांना त्याचं आता काही वाटत नसे, किंवा वाटत असलं तरी दिसत नसे.

सगळं आटोपल्यावर ते पंच्याने हात पुसत मोहनाकडे आले.

"आपण घरच्यांपैकी?"

"नाही. मी त्यांच्याबरोबर काम करत होते."

"मग आज ते कागद मिटा, बाई. इथे दहा मिनिटं नुसतं उभं राहिलं तरी चालतं."

मोहनाला राग आला. "गुरुजी, आज लिहिलं नाही तर उद्या हा माणूस बोलायचा नाही. मालकाने सगळ्यांना दम भरलाय."

"असेल," गुरुजी म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही. तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि आपली पिशवी भरायला वळले.

त्यानंतरचे दहा दिवस मोहनाने झोकून काम केलं. सकाळी कामगारांच्या खोल्यांवर, दुपारी कचेऱ्यांमध्ये, संध्याकाळी बातमीदारांकडे. भेटेल त्याला ती तेच सांगत होती आणि सांगताना तिचा आवाज अजिबात हलत नव्हता. सानवी त्यांच्यात सगळ्यांत लहान, तेवीस वर्षांची. ती एकदा मध्येच रडायला लागली तेव्हा मोहना तिला म्हणाली, "रडायला नंतर वेळ आहे, आधी फोटो पाठव." सानवी दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

वीस मेला कामगार कचेरीत होणारी बैठक पुढे ढकलत ढकलत सहा जूनला झाली. टेबलापलीकडच्या साहेबांनी एक कागद सरळ केला आणि शांतपणे सांगितलं, "बेन, रिपोर्टमां हार्ट अटॅक लखेलुं छे. गरमीनुं कंई नथी." म्हणजे कागदावर उन्हाचं नावच नव्हतं. वरद उसळला, टेबलावर हात आपटून काहीबाही बोलला.  मोहनाने कागद गोळा केले, सगळ्यांना नमस्कार केला आणि बाहेर येऊन स्कूटर काढली.

मांजलपूरच्या आपल्या सोसायटीपासून अर्ध्या किलोमीटरवर तिने स्कूटर कडेला घेतली. कशासाठी, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. किल्ली फिरवायची आणि निघायचं, एवढं कळत होतं, पण हात उठत नव्हता. मागून येणारा वरद थांबला.

"काय झालं? पेट्रोल संपलं?"

तिने मान हलवली.

"मग चल ना."

"मला येत नाही," मोहना म्हणाली. वरदला वाटलं, ती येणार नाही म्हणतेय. ती म्हणत होती की तिला स्कूटर चालवायला येत नाही. म्हणजे यायची, आता येत नाही. ती तिथे वीस मिनिटं बसून होती. मग वरदने तिला मागे बसवून घरी नेलं.

घरी आई, निरुपमाबाई. एका मराठी शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. मोहनाचे वडील जयवंतराव रिफायनरीत होते; त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात या दोघीच. निरुपमाबाईंनी लेकीचा चेहरा बघितला आणि काही न विचारता अंथरूण घातलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर झाले. डॉक्टर भले होते. त्यांनी झोपेसाठी गोळ्या दिल्या, पुन्हा आठ दिवसांनी बोलावलं आणि शेवटी म्हणाले, "थोडे दिवस हवापालट करा." मोहनाला हसू आलं. हवा पालटतेय म्हणून तर हे सगळं, असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तेवढं बोलायचेही कष्ट वाटले. गोळ्यांनी झोप लागायला लागली. पण जागेपणी ती खिडकीशी बसून राहायची. फोन वाजला की दुसऱ्या खोलीत जायची.

आठवड्याभराने पद्माचा फोन आला. तो निरुपमाबाईंनी घेतला. दत्तात्रेयचं महिन्याचं श्राद्ध होतं आणि मोहनाताईंनी यावं असं पद्माचं म्हणणं होतं. "ती बरी नाही हो," निरुपमाबाई म्हणाल्या. पण मोहना ऐकत होती. ती उठली, साडी नेसली. रिक्षाने गेली.

पद्माची खोली मकरपुरा गावात, एका चाळीच्या वरच्या मजल्यावर. लक्ष्मण गुरुजींनी विधी केले, त्याला तासभर लागला. मग पद्माने पानं वाढली. मोहनाने घास घेतला आणि तो तोंडातच राहिला. गिळताच येईना. ती ताटावरून उठून बाहेर गॅलरीत गेली.

थोड्या वेळाने गुरुजी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. तिने चूळ भरली.

"माफ करा," ती म्हणाली. "अन्नावरून उठले."

"अन्नाला राग येत नाही." गुरुजी कठड्याला टेकून उभे राहिले. "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"हे असं व्हायला."

मोहनाला वाटलं, काहीतरी सांगून विषय संपवावा. पण ती खरं बोलली. "दहा-अकरा दिवस. मी कामच करू शकत नाहीये. आणि अजून किती बाकी आहे! पाऊस आला की सगळे ऊन विसरतील. पुढच्या मे महिन्यात परत कोणीतरी..." ती थांबली.

"तुम्ही सुतक पाळलंत का दत्तात्रेयचं?"

"मी? मी त्यांची कोण लागते?"

"हे मी नाही सांगू शकत. पण तुम्ही घाटावर कागद घेऊन उभ्या होतात, त्यावरून मला वाटलं होतं, या बाईंच्या घरातलं कोणीतरी गेलंय आणि हिला बसायला कोणी जागा दिलेली नाही."

मोहनाने तांब्या कठड्यावर ठेवला. खालच्या गल्लीतून भाजीची हातगाडी चालली होती.

गुरुजी म्हणाले, "सुतक म्हणजे विटाळ, शिवू नका, असंच सगळ्यांना वाटतं. मला त्यातलं दुसरंच दिसतं. घरात माणूस गेलं की दहा दिवस त्या घराकडे कोणी काही मागायचं नाही. चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणायचा. सणवार नाही, देवसुद्धा पारोसा ठेवायचा. म्हणजे देवानेही त्या दहा दिवसांत काही मागायचं नाही. कोणी कितीही मोठं असो, दहा दिवस त्याने नुसतं दुःखात बसायचं. तुम्ही लोक मात्र माणूस गेल्याच्या दुसऱ्या दिवशी निवेदन लिहायला बसता. एक झालं की दुसरं. मग हात चालेनासे झाले तर त्यात नवल काय?"

"माझा या विधींवर विश्वास नाही, गुरुजी."

"चाळीस वर्षांत मी कोणाला विचारलेलं नाही, विश्वास आहे का म्हणून. गेलेला माणूसही विचारत नाही."

मोहनाच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं. मग ती म्हणाली, "तुम्हाला झालंय का कधी असं?"

"करोनात झालं होतं. दिवसाला किती जण यायचे, सांगण्यात अर्थ नाही. घरचे लोक लांब उभे आणि मी एकटा. लाट ओसरली, आणि मग एक दिवस हातात दर्भ धरवेना.  मंत्र आठवायचे नाहीत, पाठ असलेले! कोणाला सांगणार? ज्याच्याकडे सगळे दुःख घेऊन येतात त्याने कुठे जायचं? स्मशानात लाकडं लावणारा एक म्हातारा होता. तो म्हणाला, महाराज, बेसो. रोज संध्याकाळी त्याच्या बाकड्यावर जाऊन बसायचो. तो काही बोलायचा नाही. अकरा दिवस बसलो. बाराव्या दिवशी कोणीतरी बोलवायला आलं आणि मी उठून गेलो. एवढंच."

"आमच्यातले कोणी दहा दिवस थांबायचे नाहीत."

गुरुजींनी विचार केला. "लांबच्या नात्याला तीन दिवस सांगितलेत. तुमचं नातं लांबचं धरू."

मोहनाने वरदला सांगितलं. वरद बत्तीस वर्षांचा, इंजिनिअर, देवाधर्माच्या नावाने चिडणारा. पण त्या दिवशी तो चिडला नाही. "मी गेल्या आठवड्यात माझ्या बायकोवर ओरडलो," तो म्हणाला. "चहात साखर जास्त झाली म्हणून. तीन दिवस तर तीन दिवस. फक्त मला काही म्हणायला लावू नका."

मोहना सानवीच्या घरी स्वतः गेली. "मी तुला रडू दिलं नाही," दारातच ती म्हणाली. "चुकले मी." सानवीने चप्पल घालायला पाच मिनिटंही घेतली नाहीत. गटातल्या बाकी तिघांना जमलं नाही.

बसायचं कुठे हा प्रश्न होता. गुरुजींची खोली एवढीशी. मोहना म्हणाली, आमच्याकडे. आणि हे ऐकल्यावर निरुपमाबाई पहिल्यांदा मोठ्याने बोलल्या.

"घरात कोणी गेलेलं नसताना सुतक? मोहना, तुला कळतंय का काय बोलतेस? आणि त्या गुरुजींना घरी आणणार? असे गुरुजी आपल्याकडे एकदाच आले होते, बाबा गेले तेव्हा. विनाकारण कशाला ते बोलावणं?"

"आई, तू भूगोल शिकवलास ना? हवा बदलली की काय काय जातं, ते तुलाच ठाऊक."

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही." मोहना थकून खाली बसली. "नको तर नको. मी वरदच्या गच्चीवर बसेन."

निरुपमाबाई स्वयंपाकघरात गेल्या. भांडी एकदा जोरात वाजली, मग वाजायची थांबली. पंधरा मिनिटांनी त्या बाहेर आल्या. "दिवाणखान्यातला सोफा हलवावा लागेल," त्या म्हणाल्या. "चटया माळ्यावर आहेत."

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी ते तिघे बसले. गुरुजी आले, त्यांनी दक्षिणेकडे तोंड करून एक पणती लावली आणि नेम सांगितला. काम नाही. फोन नाही. कोणाशी या विषयावर वाद नाही. बोलावंसं वाटलं तर गेलेल्याबद्दल बोलायचं, नाही वाटलं तर गप्प राहायचं. रडू आलं तर रडायचं, झोप आली तर झोपायचं. आणि जे कोणी आणून देईल तेच जेवायचं.

"फक्त दत्तात्रेयबद्दलच?" सानवीने विचारलं.

"आणखी कोण आहे?"

सानवी म्हणाली, "माणूस नाही. आमच्या कॉलेजच्या रस्त्यावरची झाडं. पूल झाला तेव्हा तोडली. मी रोज बघत होते. हे चालेल?"

"चालेल," गुरुजी म्हणाले.

सगळ्यांचे फोन निरुपमाबाईंनी कपाटात ठेवले. पहिली सकाळ फार अवघड गेली. वरद दर थोड्या वेळाने खिशाला हात लावायचा. मोहना छताकडे बघत होती. उकाडा होता, पंखा फिरत होता, खाली कोणीतरी पार्किंगवरून गुजरातीत भांडत होतं. बाराच्या सुमारास बेल वाजली. दारात पद्मा होती, आणि तिच्याबरोबर चाळीतल्या दोन बायका. हातात डबे.

गुरुजींनीच त्यांना सांगितलं होतं. पण वरद एकदम उठून उभा राहिला. "नाही, हे बरोबर नाही. वहिनी, तुमच्याकडचं आम्ही कसं खायचं? तुमचंच घर..."

"का? माझ्या घरी तेरा दिवस सगळ्यांनी आणलं," पद्मा म्हणाली. "तुम्हीसुद्धा दोनदा आणलं होतं. आमटी खारट होती." आणि ती सरळ आत जाऊन ताटं शोधायला लागली.

पिठलं होतं, भात होता, कळण्याची भाकरी होती. वरद खाली मान घालून जेवला. सानवी दोनदा भात मागून जेवली. मोहनाने भाकरीचा तुकडा मोडला आणि हातात धरून ठेवला. पद्मा तिच्यासमोर बसली.

"ताई, खा."

मोहना म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचंय." तिचा आवाज इतके दिवस हलला नव्हता, तो आता हलायला लागला. "सतरा तारखेच्या आधी चार-पाच दिवस दत्ताभाऊ भेटले होते. म्हणाले, चक्कर येते, आठ-दहा दिवस गावी जाऊ का? मी म्हटलं, वीस तारखेला बैठक आहे, तुम्ही बोललात तर फरक पडेल, जमलं तर तोवर थांबा. मी थांबवलं त्यांना."

वरदने ताटावरून मान वर केली. त्यालाही हे माहीत नव्हतं.

पद्मा म्हणाली, "ठाऊक आहे मला. घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी. मी म्हटलं, ताईचं राहू द्या, आपण गावी जाऊ. ऐकलं नाही."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"राग आला होता तुमचा. फार आला होता. अजून येतो. आज सकाळी भाकऱ्या थापतानाही आला."

"मग आणल्यात कशाला?"

"राग आहे म्हणून माणसाने जेवायचं नाही का?" पद्माने पदराने कपाळ पुसलं. "त्यांना तिथे बोलायचं होतं. आरशासमोर उभं राहून म्हणून बघायचे. तुम्ही म्हटलं नसतं तर गेले असते गावी? गेलेही असते. नसतेही. मला नाही सांगता येत ते, आणि तुम्हालाही नाही येणार. खा आता."

मोहनाने घास तोंडात घातला आणि ती रडायला लागली. तोंडात भाकरी, आणि रडणं थांबेना. पद्माने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही की तिला जवळही घेतलं नाही. ती फक्त समोर बसून राहिली. बऱ्याच वेळाने मोहनाने घास गिळला. मग दुसरा घेतला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कपाटात वरदचा फोन सारखा वाजू लागला. निरुपमाबाईंनी शेवटी तो उचलला. बातमी अशी होती की वसाहतीतल्या कारखानदारांच्या मंडळाने आणि कचेरीतल्या लोकांनी एकाएकी त्याच दुपारी बैठक ठेवली होती. तीन वाजता. उन्हाळ्यातल्या कामाच्या वेळांबद्दल.

सांगावं की न सांगावं, निरुपमाबाई दहा मिनिटं फोन हातात धरून उभ्या होत्या. मग दिवाणखान्यात येऊन त्यांनी सांगितलं.

वरद ताडकन उठला. "मुद्दाम केलंय. आपण नसताना उरकून टाकतील. मोहना, चल."

मोहना गुरुजींकडे बघायला लागली. गुरुजी म्हणाले, "जायचं तर जा. हा तुरुंग नाही."

ती उठली. दोन पावलं दाराकडे गेली. कडीकडे हात पुन्हा उठेना. तेवढ्यात नुकतीच येऊन डबे उतरवून ठेवणारी पद्मा म्हणाली, "मी जाते."

"वहिनी, तिथे..." वरद म्हणाला.

"तिथे काय? वाघ आहे? कागद कुठे आहेत ते सांगा. शेडमधल्या दोघांना सोबत घेते, मुकादम काही बोलला तर बघून घेईन." ती मोहनाकडे वळली. "ताई, तुम्ही बसा. काल बसलात म्हणून आज जेवलात."

फाइल कुठे आहे ते मोहनाने सांगितलं. पद्मा गेली. मग सगळ्यांत अवघड काम उरलं, ते म्हणजे वाट न बघता बसणं. वरदला ते जमलं नाही. तो येरझारा घालत राहिला आणि शेवटी थकून चटईवर आडवा झाला आणि चक्क घोरायला लागला. सानवी हळूहळू आपल्या झाडांबद्दल सांगत होती. कुठल्या झाडाखाली कोण चहा विकायचं, कोणत्या झाडावर पोपट होते. ती रडत नव्हती, नुसती सांगत होती. मोहना ऐकत होती.

निरुपमाबाई दारात उभ्या होत्या. त्या कधी आत आल्या ते कोणाला कळलं नाही. त्या चटईच्या कडेवर टेकल्या, आणि सानवीचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "मोहनाचे बाबा गेले तेव्हा माझ्याकडे बोर्डाच्या पेपरांचा गठ्ठा होता. पाचव्या दिवशी मी तो उघडून बसले. नकाशे तपासले मी. मुलांनी नद्या रंगवलेल्या. सगळे म्हणाले, निरुपमाबाई किती खंबीर. मलाही बरं वाटलं ऐकून."  हातातल्या बांगडीशी चाळा करत राहिल्या. "नऊ वर्षं झाली, गुरुजी. आता बसलं तर चालतं का?"

"चालतं," गुरुजी म्हणाले.

मोहना सरकून आईच्या शेजारी बसली. जयवंतरावांबद्दल त्या दोघी नऊ वर्षांत जेवढं बोलल्या नव्हत्या तेवढं त्या दुपारी बोलल्या. रिफायनरीतून आल्यावर त्यांच्या शर्टाला येणारा वास. मोहनाने हे काम सुरू केलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, लेक आपल्याच आयुष्याविरुद्ध उभी राहिली. हे त्यांनी मोहनाला कधी म्हटलं नव्हतं, बायकोला म्हटलं होतं. निरुपमाबाईंनी ते आता सांगितलं. "आणि तरी तुझी बातमी आलेली कात्रणं डब्यात नेऊन लोकांना दाखवायचे," त्या म्हणाल्या. मोहनाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

संध्याकाळी सहाला पद्मा परत आली. घामाने भिजलेली, पण डोळे चमकत होते. सगळे तिच्याभोवती बसले.

"साहेब म्हणाले, आप कौन? मी म्हटलं, ज्याचं हार्ट अटॅक लिहिलंय तुम्ही, त्याची बायको. मग गप्प झाले. मी सगळं बोलले. गुजरातीत बोलले, मराठीत बोलले, जे आलं ते. आमचे हे बोलणार होते ते पण मी बोलले. आरशासमोर म्हणायचे ना, ते माझं पाठ झालं होतं."

"मग काय ठरलं?" वरदने विचारलं.

"ठरलं काही नाही. लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात परत बोलावलंय."

वरदने सुस्कारा टाकला. मग तो हसला. पद्मालाही हसू आलं, आणि मग ती एकाएकी तिथेच बसून रडायला लागली. या वेळी डबे उघडले ते सानवीने.

चौथ्या दिवशी सकाळी गुरुजींनी तिघांना आंघोळी करून यायला सांगितलं आणि सुतक फिटलं असं म्हटलं. "आज गोड खायचं," ते म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले.

"गुरुजी, थांबा," आतून निरुपमाबाई म्हणाल्या. "शिरा केलाय. पान मांडलंय तुमचं."

गुरुजी दारात अडखळले. "मी अशा दिवशी कोणाकडे जेवत नाही. म्हणजे, कोणी बोलावत नाही."

"मी बोलावतेय ना," निरुपमाबाई म्हणाल्या. गुरुजींनी पिशवी खाली ठेवली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. मोहनाच्या गोळ्या आणखी सहा महिने चालल्या. हार्ट अटॅकचा कागद हार्ट अटॅकचाच राहिला. त्याविरुद्धचा अर्ज अजून पडून आहे. पण पुढच्या उन्हाळ्यात त्या वसाहतीतल्या अकरा शेडनी कामाची वेळ पहाटे सहा ते बारा केली. बाकीच्यांनी केली नाही. पद्मा आता गटात आहे आणि बैठकांना तीच आधी बोलते. वरद अजूनही चिडतो, पण घरी जाऊन नाही.

मोठं काही हातचं गेलं की तीन दिवस बसायचं, हा मात्र नेम पडला. हळूहळू बाहेरचे लोकही येऊ लागले. त्यांतला एक सुभाष, वलसाडकडच्या किनाऱ्यावरच्या एका गावातला मच्छीमार, पन्नाशीचा. त्याच्या गावातली सगळ्यांत बाहेरची आळी दोन वर्षांत समुद्राने घेतली होती. सात वर्षं तो बांधासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत होता. तो आला, निरुपमाबाईंच्या दिवाणखान्यात पहिले दोन दिवस नुसता झोपला. तिसऱ्या दिवशी त्याने आळीतल्या एकेका घराचं नाव घेतलं, कडेने सुरू करून. 

जाताना तो गुरुजींच्या पाया पडला आणि निरुपमाबाईंना म्हणाला, "आमच्या गावात म्हातारी माणसं आहेत. त्यांना इथवर यायला जमायचं नाही."

"मग आम्ही येऊ," निरुपमाबाई म्हणाल्या.

दिवाळीनंतर त्या खरोखर गेल्या. मोहना, पद्मा आणि गुरुजी बरोबर होते. सकाळची गाडी होती. गुरुजींचे गुडघे दुखत होते म्हणून त्यांना खिडकीशी बसवलं. गावात पोचल्यावर सुभाषने आधी चहा दिला आणि मग सगळ्यांना किनाऱ्यावर नेलं. ओहोटी होती. वाळूत एका घराचं जोतं तेवढं दिसत होतं आणि त्याच्या अलीकडे दहा-बारा म्हातारी माणसं चटया टाकून आधीच येऊन बसली होती. एका आजीने निरुपमाबाईंना हाताने खूण करून आपल्या शेजारी जागा दाखवली. निरुपमाबाई चपला काढून तिच्याजवळ जाऊन बसल्या.